खटक्यामागची ऊर्जा : परसातल्या नेमबाजीचा हिशेब

संशोधनाच्या निमित्ताने आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात काही महिने राहत होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेच्या यंत्रशाळेत एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते. गावाबाहेर त्यांचे घर होते आणि घरामागे लांबलचक परस. एका रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावले आणि जेवणानंतर परसात नेऊन आपला क्रॉसबो दाखवला. क्रॉसबो म्हणजे खटक्याचे आडवे धनुष्य. बंदुकीसारखा लाकडी दस्ता, त्याच्या टोकाला आडवी बसवलेली कमान आणि मधोमध आखूड बाण ठेवण्यासाठी एक सरळ पन्हळ. त्यांनी पुढच्या रिकिबीत पाय रोवला, दोन्ही हातांनी दोरी वर ओढली आणि 'खट्' असा आवाज होऊन ती खटक्यात अडकली. मग क्रॉसबो मेजावर ठेवून ते बाण आणायला वळले.

तेवढ्या वेळात आम्ही तो उचलला, समोरच्या झाडावर नेम धरला आणि बोट खटक्याकडे नेले. मागून ते एवढ्या मोठ्याने ओरडले की आमचे बोट जागीच थिजले. "बाण नसताना खटका कधीही ओढायचा नाही!" आम्ही विचारले, "का?" ते म्हणाले, "कमान फुटेल. का ते मला विचारू नका, पण फुटेल."

उत्तर ऐकून आम्ही बुचकळ्यात पडलो. बाण असताना कमानीला तो ढकलावा लागतो. बाण नसेल तर तिचे काम उलट हलके व्हायला हवे. मग हलके काम करताना ती फुटावी का? त्या संध्याकाळी एका पाकिटाच्या पाठीवर आम्ही हिशेब मांडला, तेव्हा या प्रश्नाचेच नव्हे, तर क्रॉसबो हाताळण्याच्या जवळजवळ सगळ्या नियमांचे उत्तर हाती आले. तो हिशेब नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानापलीकडचा नाही, म्हणून तो येथे मांडत आहोत.

ओढ आणि ऊर्जा

क्रॉसबो घेणारा नवशिक्या पहिला प्रश्न विचारतो तो असा : "याची ओढ किती?" ओढ म्हणजे दोरी खटक्यापर्यंत आणताना शेवटी लावावे लागणारे बल. त्या तंत्रज्ञांच्या क्रॉसबोची ओढ १५० पौंड, म्हणजे ६८ किलो होती. न्यूटनमध्ये सांगायचे तर ६८ ला ९.८ ने गुणून सुमारे ६६७ न्यूटन. पण बाणाला गती देते ती ऊर्जा, आणि ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. तेव्हा दुसरा प्रश्न, जो सहसा कोणी विचारत नाही, तो असा : दोरी किती अंतर मागे येते?

त्या क्रॉसबोत दोरी २८ सेंटिमीटर मागे येत होती. सुरुवातीला बल शून्य असते आणि शेवटी ६६७ न्यूटन. मधल्या प्रवासात ते साधारण समप्रमाणात वाढते असे मानले, तर सरासरी बल निम्मे धरता येते. ६६७ चे निम्मे गुणिले ०.२८ मीटर, म्हणजे सुमारे ९३ ज्यूल. हा कमानीत साठलेला ऐवज.

अंतराचे महत्त्व इतिहासातल्या एका उदाहरणावरून चांगले कळते. सर राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज अभ्यासकाने जुन्या पोलादी क्रॉसबोने वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवरून ४०० मीटरहून अधिक अंतरावर बाण मारले होते. क्रॉसबोवरचा त्याचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. त्या कमानीची ओढ १,२०० पौंड होती, पण दोरी जेमतेम ७ इंच मागे येत असे. दुसरीकडे, १५४५ साली बुडालेले आणि १९८२ साली समुद्रतळातून वर काढलेले 'मेरी रोझ' हे इंग्रज लढाऊ जहाज घ्या. त्यावर शंभराहून अधिक उभी लाकडी धनुष्ये सापडली. त्यांची ओढ साधारण १०० ते १८५ पौंड असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यांपैकी १५० पौंडांचे एखादे धनुष्य घेतले आणि दोरी सुमारे २४ इंच मागे येते असे धरले, तर वरच्याच रीतीने त्यात सुमारे २०० ज्यूल साठतात. पोलादी क्रॉसबोत साठतात सुमारे ४७५. म्हणजे ओढ आठपट, पण साठा अडीचपटसुद्धा नाही! शिवाय त्या जाड पोलादी कमानीला स्वतःला हलवण्यातच बरीच ऊर्जा खर्च होते, ती वेगळीच.

अलीकडच्या काही क्रॉसबोंमध्ये कमानीच्या टोकांना लंबवर्तुळासारखी चाके असतात. अशा चाकांच्या धनुष्याचे पेटंट अमेरिकेत हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली मिळाले. या चाकांमुळे बल लवकर वाढते आणि मग बराच काळ वरच राहते. ओढ तेवढीच राहिली तरी आलेखाखालचे क्षेत्रफळ, म्हणजेच ऊर्जा, वाढते. म्हणून केवळ ओढीचा आकडा पाहून दोन यंत्रांची तुलना करू नये.

खटका काय करतो?

साध्या धनुष्यात ही सारी ऊर्जा तिरंदाजाच्या खांद्यावर आणि बोटांवर जाणवत असते. दोरी ताणून धरली की हात थरथरू लागतो आणि शरीरच बजावते, 'फार वेळ धरू नकोस.' शिवाय जड धनुष्य ओढण्याइतकी ताकद यायला वर्षे लागतात, आणि तेवढ्या वर्षांत धनुष्याचा धाकही अंगी मुरतो.

खटक्याने हे सारे बदलले. चीनमध्ये ख्रिस्तपूर्व काळातच काशाचे सुबक खटके ओतले जात. सम्राट छिन शी हुआंग ख्रिस्तपूर्व २१० मध्ये वारला. १९७४ साली उजेडात आलेल्या त्याच्या मृण्मय सैन्याबरोबरही असे खटके मिळाले आहेत. खटका दोरी धरून ठेवतो. त्यामुळे ओढायचे काम पाय, कंबर किंवा एखादी रहाटी यांवर सोपवता येते आणि मग निवांतपणे नेम धरता येतो. वर्षानुवर्षांच्या तालमीची गरज उरत नाही. युरोपात याची केवढी धास्ती होती पाहा : ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध हे शस्त्र वापरण्यास मनाई केली. ती फारशी पाळली गेली नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ साली क्रॉसबोच्या बाणाच्या जखमेनेच मेला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा हा की, खटका ऊर्जा नाहीशी करीत नाही, फक्त आपल्या जाणिवेपासून ती दूर ठेवतो. मेजावर निवांत पडलेल्या त्या यंत्रात ९३ ज्यूल दबा धरून बसले होते आणि आमच्या हाताला त्याचा पत्ताही नव्हता. शरीर बजावत नाही तेथे बुद्धीने हिशेब ठेवावा लागतो.

ऊर्जा जाते कोठे?

खटका सुटला की कमानीची पाती सरळ होऊ लागतात. पाती आणि दोरी यांनाही वस्तुमान असते. साठलेल्या ऊर्जेतून बाणाला गती मिळते, तशीच पात्यांना आणि दोरीलाही मिळते. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ साली लिहिलेल्या एका लेखात हा वाटा मोजण्याची सोपी रीत मांडली आहे : पाती आणि दोरी मिळून जणू बाणालाच चिकटलेले एक जादा वस्तुमान आहे असे समजा. दिलेल्या धनुष्यापुरते ते जवळजवळ स्थिर असते.

आपल्या उदाहरणात ते १४ ग्रॅम धरू आणि बाण २६ ग्रॅमचा घेऊ. एकूण ४० ग्रॅम. बाणाचा वाटा चाळिसातले सव्वीस, म्हणजे ९३ पैकी सुमारे ६० ज्यूल. गतिज ऊर्जेच्या सूत्रावरून बाणाचा वेग येतो सेकंदाला सुमारे ६८ मीटर. उरलेले ३३ ज्यूल पाती, दोरी आणि दस्ता यांच्या कंपनात व आवाजात जिरतात. तेवढे सोसता यावे अशाच बेताने यंत्र बनवलेले असते.

आता बाण निम्म्या वजनाचा, १३ ग्रॅमचा घेऊ. वेग वाढून ८३ मीटर होतो. नवशिक्याला याचा मोह पडतो. पण बाणाचा वाटा आता ४५ ज्यूलच राहिला. उरलेले ४८ ज्यूल यंत्राच्या माथी आले, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ दीडपट. बाण आणखी हलका करीत गेलो तर यंत्राचा वाटा वाढतच जाईल. आणि बाणाचे वजन शून्य झाले तर? सगळेच्या सगळे ९३ ज्यूल पात्यांना आणि दोरीला परत सोसावे लागतील, आणि तेही दोरी ताठ होण्याच्या एका क्षणात.

तंत्रज्ञांच्या 'कमान फुटेल' या म्हणण्याचा अर्थ हा. बाण हे कमानीवरचे ओझे नसून ऊर्जेला बाहेर जाण्याची वाट आहे. वाट बंद केली की ऊर्जा घरातच मोडतोड करते. दोरी तुटते, पाती तडकतात आणि त्यांचे तुकडे नेमबाजाच्या तोंडाशी उडू शकतात. बाण नसेल तर दोरी सुटू न देणारी कळ आजच्या अनेक क्रॉसबोंत असते. त्या जुन्या यंत्रात ती नव्हती. कळ असली तरी तिच्यावर विसंबून राहू नये. यातूनच दुसरा नियम निघतो : उत्पादकाने सांगितलेल्या वजनापेक्षा हलका बाण कधीही वापरू नये. भेग पडलेला किंवा मागची खाच तुटलेला बाणही वापरू नये, कारण दोरी त्याच्यावरून निसटली तर तो नसल्यासारखाच.

परस केवढा हवा?

६० ज्यूल म्हणजे किती? १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने आला, तर त्याची ऊर्जा सुमारे ६२ ज्यूल असते. म्हणजे मध्यमगती गोलंदाजाच्या चेंडूइतकीच. पण चेंडू ती काही चौरस सेंटिमीटरवर पसरून देतो, तर बाण एका अणकुचीदार टोकावर. चेंडूने शेक घ्यावा लागेल. बाणाने जीव जाईल.

आता नेम चुकला तर काय होईल ते पाहू. लक्ष्य १५ मीटरवर आहे आणि क्रॉसबो नकळत ५ अंश वर झुकला. बाण लक्ष्यावरून सव्वा मीटर उंचीने निघून जाईल आणि प्रक्षेप्याच्या सूत्रानुसार सुमारे ८० मीटरवर पडेल. चुकून ४५ अंशांत सुटला तर हवेचा विरोध वगळता पल्ला येतो ४७० मीटर. हवा तो कमी करील, तरीही तो शेजारच्या चार घरांपलीकडचा असेल. सांगायचे तात्पर्य, १५ मीटरच्या परसात १५ मीटरवर नेमबाजी करता येते असे नाही. लक्ष्यामागे काय आहे, यावर ते अवलंबून आहे. त्या तंत्रज्ञांच्या परसात लक्ष्यामागे मातीचा पुरुषभर उंच बांध होता आणि त्यापलीकडे त्यांचेच मोकळे रान. कुंपण, झुडपांची रांग किंवा पातळ फळी म्हणजे आडोसा नव्हे. बाण त्यांच्या आरपार जातो.

कायदाही पाहावा लागतो. अमेरिकेत गावागणिक नियम वेगळे असतात. वस्तीत बाण सोडण्यास कित्येक ठिकाणी बंदी आहे. इंग्लंडमध्ये १९८७ चा क्रॉसबो कायदा आहे. त्यानुसार आज १८ वर्षांखालील व्यक्तीला क्रॉसबो विकता किंवा भाड्याने देता येत नाही. १.४ किलोपेक्षा कमी ओढीची खेळणी तेवढी त्यातून वगळली आहेत. आपण जेथे राहतो तेथील नियम विकत घेण्याआधीच विचारून घ्यावेत.

बाण थांबवायचा कसा?

येथेही तेच सूत्र, फक्त उलट्या बाजूने. ६० ज्यूल २० सेंटिमीटरमध्ये जिरवायचे असतील तर सरासरी ३०० न्यूटन बल लागते. १ सेंटिमीटरमध्ये जिरवायचे असतील तर ६,००० न्यूटन. म्हणून कठीण फळीवर मारलेला बाण एक तर तुटतो, नाही तर उलट उडतो, किंवा रुतून बसतो तो निघतच नाही. चांगले लक्ष्य बाणाला अडवत नाही, घासत घासत थांबवते. दाबून बसवलेल्या फोमच्या थरांचे ठोकळे मिळतात. जुन्या कपड्यांच्या चिंध्या गच्च ठासून भरलेले जाड पोतेही चालते. सतत एकाच जागी मारून पोते मऊ झाले की बाण आरपार जाऊ लागतो, तेव्हा अधूनमधून मागची बाजू पाहत जावी. सरावासाठी साधी टोके वापरावीत. शिकारीची पात्यांची टोके लक्ष्याच्या चिंध्या करतात आणि हाताळताना बोटेही कापतात.

पहिले काही दिवस

दोरी ओढताना पाय रिकिबीत पक्का असावा आणि दोन्ही हात सारख्या जोराने वर यावेत. दोरी थोडीशी एका बाजूला अडकली तरी बाण त्या मानाने बाजूला जातो. म्हणून दोरी मोकळी असताना पन्हळीच्या दोन्ही कडांशी तिच्यावर खुणा करून ठेवतात. ६८ किलो ओढणे जड वाटते त्यांच्यासाठी दोन कप्प्यांची ओढणी मिळते. कप्पीच्या नियमाप्रमाणे बल निम्मे लागते आणि हाताला दुप्पट अंतर ओढावे लागते. ऊर्जा मात्र तेवढीच, तेथे सूट नाही.

पुढच्या हाताची सर्व बोटे, विशेषतः अंगठा, पन्हळीच्या पातळीखाली असावीत. खटका सुटल्यापासून दोरी पुढे पोहोचायला सुमारे ७ सहस्रांश सेकंद लागतात. दचकून हात मागे घ्यायला माणसाला लागतात साधारण २०० सहस्रांश. अंगठा वाटेत असेल तर तो वाचवण्याची संधीच मिळत नाही.

सुरुवात १० मीटरवरून करावी. या अंतरावर बाण सरळ रेषेपासून सुमारे १०.५ सेंटिमीटर खाली येतो, तर २० मीटरवर ४२. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट होते. गॅलिलिओचा नियम परसात दिसतो तो असा. म्हणून एका अंतरासाठी लावलेली दुर्बीण दुसऱ्या अंतराला चालत नाही. एक बाण मारून लगेच दुर्बीण फिरवू नये. तीन बाण मारावेत, त्यांचा मध्य पाहावा आणि मगच फिरवावी. प्रयोगशाळेत आपण एका वाचनावर विसंबत नाही, तसेच हे.

दोरी चढवल्यावर मध्येच थांबायचे झाले तर ती हाताने उतरवू नये. बाण घालून तो लक्ष्यात मारावा. ऊर्जेला बाहेर काढण्याची तीच सुरक्षित वाट. चढवलेले यंत्र मेजावर ठेवून वळू नये. त्या रविवारी आमची चूक झाली तशी त्या तंत्रज्ञांचीही झालीच होती, आणि त्यांनी ती मोकळेपणाने मान्य केली. बाण गोळा करायला सर्वांनी एकदमच जावे, आणि तोवर कोणाच्याही हातात चढवलेला क्रॉसबो नसावा.

वर्गात करून पाहण्यासाठी

क्रॉसबो शाळेत आणण्याची वस्तू नव्हे. पण हिशेब वर्गात नक्कीच आणता येतो. मुले सुट्टीत तिरकामठा करतात, त्यातला कामठा पुरेसा आहे. बांबूची मीटरभर लांब कामटी घ्या, सुतळी बांधून तिला किंचित बाक द्या आणि मधोमध घट्ट धरून ठेवा. सुतळीच्या मध्याला तानकाटा अडकवून ती दोन-दोन सेंटिमीटर मागे ओढा आणि प्रत्येक वेळचे बल लिहा. बाण लावायचा नाही आणि सुतळी टणकन सोडायचीही नाही, सावकाश परत न्यायची. ती का सोडायची नाही, हे मुलांनाच विचारा.

मग आलेख काढा. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर बल. आलेखाखालचे चौकोन मोजले की साठलेली ऊर्जा मिळते. एका चौकोनाची बाजू २ सेंटिमीटर आणि ५ न्यूटन दाखवत असेल, तर एक चौकोन म्हणजे ०.१ ज्यूल. नंतर कामटी जाड घ्या आणि ओढायचे अंतर कमी करा. बल वाढले तरी चौकोन कमी भरतात का ते पाहू द्या. पेन-गॉलवेची पोलादी कमान आणि मेरी रोझचे धनुष्य यांच्यातला फरक मग सांगावा लागत नाही.

आलेख पूर्ण झाला की एकच प्रश्न फळ्यावर लिहा : 'बाण नसताना हे सगळे चौकोन कोठे जातील?' त्या रविवारी एका अनुभवी माणसाला नियम माहीत होता, पण कारण माहीत नव्हते. आम्हाला कारण काढता येत होते, पण नियम माहीत नव्हता. आमच्या मुलांना दोन्ही माहीत असावेत, एवढीच इच्छा.